वीस मिनिटं पाण्याखाली, मग आंबोलीपर्यंत गाढ झोप : स्कूबानंतर एवढं का दमायला होतं?

जांबोटीकर
मंडळी, गेल्या शनिवारी मी, भावजी आणि भाचा असे तिघं मालवणला जाऊन आलो. पहाटे साडेतीनला बेळगाव सोडलं, शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ करत आठच्या सुमारास तारकर्लीला पोचलो. दहाच्या आत होडीत. आयुष्यात पहिल्यांदाच स्कूबा केलं. खोली सात-आठ मीटर, वेळ वीस मिनिटं. सोबतच्या पोरानं टाकीला मागून धरलं होतं, त्यामुळं मला पायसुद्धा फारसे मारावे लागले नाहीत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक मासा काचेसमोर येऊन थांबला, तोंड उघडझाप करत बघत राहिला आणि मी हात पुढं केल्यावर वीतभर मागं सरकला. ते डोळ्यांपुढून अजून जात नाही.

पण वर आलो, होडीच्या शिडीला हात घातला आणि हातात जोरच नाही! भाचा जेवताना सोलकढीची वाटी हातात धरूनच पेंगायला लागला. गाडीत बसल्यावर सावंतवाडी कधी मागं पडली कळलं नाही, भावजींनी आंबोलीला हलवून उठवलं. रविवारी दुपारपर्यंत अंग जड.

मी विहिरीत पोहायला शिकलोय. सुगीत दिवसभर भात झोडपून रात्री भजनाला बसणारा माणूस. मग या वीस मिनिटांत असं काय झालं? भावजी म्हणतात रक्तात नायट्रोजन जातो. आई म्हणते खारं वारं बाधलं. खरं कारण कुणाला माहीत आहे का?

टिळकवाडीचा_चहा
साडेतीनला उठलास, चार तास घाटातून गाडी, मग होडी, वर ऊन. परत चार तास गाडी. स्कूबा नसतं केलं तरी झोपला असतासच की.

पन्नास_फूट_विहीर
चहावाल्याशी सहमत. पण पूर्ण नाही. मी गोवावेसच्या तलावात रोज तासभर पोहतो, नंतर ताजंतवानं वाटतं. ग्रांडे बेटाजवळ अर्धा तास स्कूबा केलं तेव्हा मात्र जांबोटीकरांसारखीच गत झाली, आणि मी आदल्या रात्री पणजीत मुक्कामाला होतो, चांगली आठ तास झोप झालेली. म्हणजे पाण्याखाली काहीतरी वेगळं होतंय हे नक्की.

कंग्राळीची_सून
आम्हाला यात नवल वाटलं नाही. रोप लावणीला दिवसभर गुडघाभर चिखलपाण्यात वाकून उभं राहतो ना, त्या दिवसाचं दमणं आणि वरकस रानात भांगलण केल्याचं दमणं वेगळं असतं. पाण्यातलं दमणं हाडात शिरतं. संध्याकाळी चुलीपुढं बसलं तरी तासभर पोटातली थंडी जात नाही. सासूबाई त्या दिवशी आल्याचा गूळ घातलेला कढत चहा देतात आणि मगच भाकरी थापायला घेऊ देतात. तुम्ही तर डोक्यासकट पाण्यात होता.

नाडीपरीक्षा
मी बेळगावात डॉक्टर आहे, हौशी डायव्हरही आहे. नेत्राणी, गोवा, मालवण तिन्हीकडं डाइव्ह केलंय.

कंग्राळीच्या वहिनींनी सगळ्यात मोठं कारण आधीच सांगून टाकलं. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं ओढून नेतं. समुद्राचं पाणी २८ अंश असलं की हाताला कोमट लागतं, पण आपलं अंग ३७ अंशांचं. वीस मिनिटं चारी बाजूंनी ती उष्णता जात असते. हुडहुडी भरली नाही म्हणून शरीर गप्प बसलेलं नसतं, ते आतली भट्टी पेटती ठेवायला खर्च करत असतं. तो खर्च वर आल्यावर कळतो.

दुसरं म्हणजे लघवी. मानेपर्यंत पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडं ढकललं जातं, अर्धा-पाऊण लिटरच्या घरात. हृदयाचे कप्पे ताणले जातात, शरीराला वाटतं की अंगात पाणी जास्त झालंय, मग ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला सांगतं. पोहताना विहिरीतसुद्धा लघवीला का लागते त्याचं कारण हेच. त्यात टाकीतली हवा पूर्ण कोरडी करून भरलेली असते, प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसं तिला ओलावा देतात. होडीवरचं ऊन आणि वारा वेगळाच. म्हणजे पाण्यात राहून माणूस कोरडा पडतो! जांबोटीकर, त्या दिवशी सकाळपासून पाणी किती प्यालात आठवा.

तिसरं, श्वास. दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. १० मीटरवर तुम्ही दुप्पट दाट हवा ओढता, २० मीटरवर तिप्पट. ती आत-बाहेर करायला छातीच्या स्नायूंना जादा काम पडतं. नवखा माणूस घाबरून श्वास रोखतो, किंवा हवा वाचवायला अर्धाच सोडतो, मग कार्बन डायऑक्साइड साठतो. डाइव्हनंतर कपाळ ठणकतं ते बहुतेक वेळा यामुळं.

नायट्रोजनचं नंतर लिहितो, ओपीडीची वेळ झाली.

जांबोटीकर
डॉक्टरसाहेब, खरंच, सकाळी सावंतवाडीला अर्धा कप चहा घेतला तेवढाच. होडीत लघवीची पंचाईत होईल म्हणून मुद्दाम पाणी प्यालो नाही. आणि श्वासाचं म्हणाल तर सुरुवातीची दोन-तीन मिनिटं मी मूठ आवळून, जबडा दाबूनच होतो. रबराच्या त्या नळीवर दातांचे व्रण उमटले असतील. संध्याकाळी गाल दुखत होते ते आत्ता कळलं.

चव्हाटगल्ली_९
काय सांगूलालास बा! मी पुढच्या आठवड्यात जाऊलालोय, चार मित्र आहोत. सकाळी जाऊन रात्री परत. उलटीची गोळी घेऊन जावी काय? मला कुडाळच्या वळणांवरच मळमळतं.

पन्नास_फूट_विहीर
@चव्हाटगल्ली, बेळगावात बहुतेकजण प्रवासाला घेतात ती अॅव्होमिन झोप आणते. मी घेतली होती! आत्ता लक्षात आलं, माझ्या थकव्यात तिचाही वाटा असणार.

नाडीपरीक्षा
बरोबर, ती प्रोमेथाझिन आहे, गुंगी आणणारच. ती घेऊन पाण्याखाली जाऊ नये. डाइव्ह शिकवणाऱ्याला आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच गोळी ठरवा.

कारदग्याचा_नेव्हीवाला
धागा उशिरा पाहिला. नौदलात होतो, कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो, आता गावी ऊस बघतो.

एक कारण कुणी बोललं नाही : शिसं. कमरेला शिशाचे वजन बांधतात ते जास्त झालं की माणूस सतत बुडायला बघतो, आणि वर राहायला पायांनी मारत राहतो. कमी झालं की उलटं. पाणी हवेपेक्षा ८०० पट दाट. त्यात सरळ आडवं न राहता तिरकं पोहलं की नांगर ओढल्यासारखं होतं. आमचे उस्ताद नव्या पोरांना पहिला आठवडा काही शोधायला सांगायचे नाहीत. पाण्यात मधोमध नुसतं लोंबकळत राहा, हात छातीशी घ्या, हलू नका. ज्या दिवशी पोरगं श्वासावर वीतभर वर आणि वीतभर खाली व्हायला शिकतं, त्या दिवसापासून दमणं निम्म्यावर येतं. पहिलवानाला विचारा, आखाड्यात नवा गडी कुस्तीनं कमी आणि अंग ताठ धरल्यानं जास्त दमतो.

आणि मन. पाण्याखाली तोंडानं श्वास घ्यायचा, नाक बंद, कान दुखतायत, बोलता येत नाही. भीती वाटली नाही असं म्हणणाऱ्याचंही काळीज धडधडत असतं. वर आल्यावर ते सगळं एकदम ओसरतं आणि माणूस गळतो.

येळ्ळूर_गडावरून
काका, लाखात एक बोललात. आमच्या तालमीत वस्ताद हेच सांगायचे, ढिला राहा, श्वास सोड, मग डाव दिसेल.

टिळकवाडीचा_चहा
तालमीवरून आठवलं, थंडाई अजून करतात काय कुठं? बदाम, खसखस घोटून केलेली, खरी?

येळ्ळूर_गडावरून
गावात या, घोटून देतो. वाटणाऱ्याला मात्र डाइव्हपेक्षा जास्त दमायला होतं!

भावजी_बोलतोय
मी जांबोटीकरांचा भावजी. धाग्यात माझं नाव निघालं म्हणून खातं काढलं. नायट्रोजन मीच म्हणालो होतो, ते अजून कुणी खोडलेलं नाही. डॉक्टरसाहेब, त्याचं सांगता काय?

नाडीपरीक्षा
सांगतो, आणि हेच मला नीट लिहायचं होतं.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन. दाब वाढला की तो रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो, जितकं खोल आणि जितका वेळ तितका जास्त. वर येताना दाब उतरतो आणि तो बाहेर पडायला लागतो. गोटी सोड्याची गोटी दाबली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. हळू वर आलं तर तो फुप्फुसातून निमूट निघून जातो, घाई केली तर बुडबुडे होतात. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये हे बुडबुडे नायट्रोजनचे असल्याचं दाखवलं. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं तयार केली. दाबातून सोडलेली शेळी पाय उचलून धरायला लागली की सांध्यात दुखतंय असं ते समजायचे.

आता गंमत अशी की सगळे नियम पाळून वर आलेल्या माणसाच्या रक्तातही अल्ट्रासाउंडवर बारीक बुडबुडे दिसतात. त्याला काही दुखत नसतं. या मुक्या बुडबुड्यांमुळं शरीराला थोडी झुंज द्यावी लागते आणि त्यातून थकवा येतो, असा पुष्कळ डायव्हरांचा समज आहे. म्हणूनच जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजनचं मिश्रण, नायट्रोक्स, वापरलं की कमी दमायला होतं असं ते शपथेवर सांगतात.

ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी हेच तपासलं. हे तेच डॉक्टर, जे २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेल्या १२ मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला बाहेर काढताना आत उतरले होते. २००३ च्या अभ्यासात त्यांनी ११ डायव्हरांना कोरड्या चेंबरमध्ये, म्हणजे आत हवेचा दाब वाढवता येतो अशा बंद खोलीत, १८ मीटरच्या दाबाखाली एकदा साध्या हवेवर आणि एकदा ३६ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रोक्सवर ठेवलं. आपण काय ओढतोय हे त्यांना माहीत नव्हतं. थकव्यात फरक सापडला नाही. पुढं काही अभ्यासांत नायट्रोक्सवाल्यांना थोडं कमी दमल्यासारखं वाटलं. म्हणजे वाद मिटलेला नाही. पण त्या चेंबरमध्ये पाणी नव्हतं, थंडी नव्हती, पाय मारायचे नव्हते, ऊन नव्हतं, हे मला फार बोलकं वाटतं.

भावजी, सात-आठ मीटर आणि वीस मिनिटांत तुमच्या अंगात गेलेला नायट्रोजन अगदी थोडा. जांबोटीकरांच्या झोपेचा दोष मी त्याला देणार नाही. थंडी, तहान, ताण, पहाटेचं उठणं, एवढं पुरे आहे.

भावजी_बोलतोय
बरं, हरलो. पण माहिती मिळाली.

निपाणीची_लेक
डॉक्टर, एवढ्यावर थांबू नका. उथळ पाण्यातल्या वीस मिनिटांचं ठीक आहे, पण मला वेगळा अनुभव आला. तो लिहिणं मला गरजेचं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मुरुडेश्वरहून नेत्राणीला कोर्स केला. शेवटच्या दिवशी दोन डाइव्ह, एक जवळजवळ १८ मीटर. दुपारी दीडला पाण्याबाहेर, तीनला मुरुडेश्वर सोडलं. अंकोल्याहून यल्लापूरकडं अरबैल घाट चढलो तेव्हा अंधार पडलेला. इतकी दमले होते की पाण्याची बाटली उघडायला नवऱ्याला सांगितली. डाव्या कोपराच्या आत ठणका होता, बोटानं दाबून जागा सापडेना. टाकी उचलल्यानं असेल म्हणून तेल लावून झोपले. सकाळी थकवा तसाच, ठणका वाढलेला, दंडावर खाज. पहिल्या डॉक्टरांनी स्नायू दुखावला म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टर मुलीनं मात्र विचारलं, "समुद्रात कधी होता?" लगेच ऑक्सिजन लावला, दोन-तीन फोन केले आणि मला दाबाचं चेंबर असलेल्या दवाखान्यात पाठवलं. त्या लोखंडी नळकांड्यात दाब वाढला आणि काही मिनिटांत कोपर मोकळं झालं, कुणीतरी दोरी सोडल्यासारखं.

कोर्स घेणाऱ्यांनी विमानाबद्दल सांगितलं होतं, इतके तास उडू नका. तुम्ही कुठं राहता, घरी कसं जाणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि मला स्वतःलाही सुचलं नाही की आपलं घर वर आहे.

कारदग्याचा_नेव्हीवाला
ताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आपल्या भागातल्या लोकांना ही गोष्ट माहीतच नाही.

बेळगाव समुद्रापासून सुमारे ७५० मीटर उंच. चोर्ला घाट त्याहून वर, ८०० च्या आसपास, आंबोली ७०० च्या जवळ. डायव्हिंगच्या हिशोबात ३०० मीटरच्या वरचं प्रत्येक ठिकाण उंचावरचं धरतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या संस्थेचा विमानासाठी सल्ला आहे : एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केलं असेल तर १८ तास थांबा. विमानाच्या आतला दाब २,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा धरून तो काढलाय. बेळगाव २,४०० फुटांच्या वर आहे! शरीराला विमान काय आणि घाट काय, बाहेरचा दाब कमी झाला एवढंच कळतं, आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे डॉक्टरांनी सांगितले तसे बुडबुडे होऊ शकतात. गोव्याचा माणूस डाइव्ह करून घरी जातो तो समुद्रसपाटीलाच. आपण मात्र दोन तासांत घाट चढून येतो.

चव्हाटगल्ली_९
काका, घाबरवूलालासा. दर रविवारी बेळगाव-कोल्हापूरच्या किती गाड्या मालवणहून रात्री परत येतात. कुणाला काही झालेलं ऐकलं नाही.

कारदग्याचा_नेव्हीवाला
घाबरवत नाही रे. सात-आठ मीटरवर वीस मिनिटं एकदाच करणाऱ्याला धोका फार कमी, डॉक्टरांनी सांगितलंच. पण कोर्स करणारे, दिवसात दोन-तीनदा उतरणारे, १५-१८ मीटरवर जाणारे, त्यांनी रात्रीचा मुक्काम खालीच करावा. तुमचं पहिल्यांदाच आहे तरी मी तर म्हणेन राहा एक रात्र. सकाळी डाइव्ह, दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, मग घाट. आणि वर येताना मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग नको, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. त्या दिवशी दारू नाही, व्यायाम नाही.

पन्नास_फूट_विहीर
मला तरी हे जरा जास्त वाटतं. उथळ डाइव्हला मुक्कामाचा खर्च सगळ्यांना परवडत नाही. पोरं महिनाभर पैसे साठवून जातात.

निपाणीची_लेक
परवडण्याचं मला कळतं, आम्हीही त्याच हिशोबानं निघालो होतो. मग निदान डाइव्ह सकाळी लवकर करा, दुपारभर खाली थांबा, पाणी प्या, आणि घाट जितका उशिरा चढता येईल तितका उशिरा. एवढं तरी फुकट आहे.

नाडीपरीक्षा
ताईंचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. साधा थकवा आणि त्यांचा थकवा यांतला फरक लक्षात ठेवा. साधा थकवा जेवून, पाणी पिऊन, झोपून उतरतो. केलेल्या कष्टाच्या मानानं फारच जास्त वाटणारा, झोपूनही न हटणारा थकवा, सोबत सांध्यात खोल ठणका, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे किंवा खाज, यातलं काहीही असेल तर दवाखान्यात पहिलं वाक्य "मी समुद्रात डाइव्ह केलंय, इतक्या वाजता" हे बोला. आम्ही बेळगावचे डॉक्टर समुद्राचा विचार आपणहून करत नाही. शंका आली तर शंभर टक्के ऑक्सिजन लावून घेणं ही पहिली पायरी.

कंग्राळीची_सून
वाचून अंगावर काटा आला. आमचा धाकटा दीर मे महिन्यात जायचं म्हणतोय, त्याला हा धागा वाचून दाखवते.

जांबोटीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढला तेव्हा वाटलं होतं चार ओळींत उत्तर मिळेल.

कालच परत आलो. हो, पुन्हा गेलो होतो, भाच्याला राहवत नव्हतं. यावेळी शुक्रवारी संध्याकाळी उतरलो, रात्री दहाला झोपलो. सकाळी मी दोन तांबे पाणी प्यालो, होडी सुटायच्या आधी मोकळा होऊन आलो. आखूड बाह्यांच्या सूटऐवजी पूर्ण बाह्यांचा मागून घेतला. पाण्याखाली काकांचं ऐकलं, हात छातीशी, श्वास लांब. जबडा ढिला सोडला. सोबतच्या पोरानं वर आल्यावर विचारलं, आधी किती वेळा केलंय?

दुपारी कोकम सरबत, मासे-भात, तासभर झोप. शनिवारी रात्री तिथंच राहिलो. रविवारी किल्ला बघून दुपारनंतर निघालो. दमलो नव्हतो असं नाही, खांदे जड होतेच. पण आंबोलीला चहाला थांबलो तेव्हा मी जागा होतो, गाडी मीच चालवत होतो, आणि झोपले होते ते भावजी.

भावजी_बोलतोय
मी डोळे मिटून बसलो होतो.

चव्हाटगल्ली_९
जांबोटीकर, मुक्कामाला कुठं राहिलात ते मेसेज करता काय? चौघं आहोत, शनिवारची खोली बघूलालो.